छावणीतला गोरा गोली

बद्रीनाथ औताडे मास्तरांचा निकाल म्हणजे निकाल. औरंगाबादेत फुटबॉलचा सामना ठरला की दोन्हीकडचे लोक आधी एवढंच विचारायचे, शिट्टी कुणाकडे आहे? मास्तरांकडे आहे म्हटलं की निम्मी भांडणं तिथंच मिटायची. मास्तर पिशोरच्या शेतकरी घरातले. अंगानं ठेंगणे, पण पोटऱ्या दगडासारख्या. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, शाळेत कवायत मास्तर झाले आणि कवायत शिकवता शिकवता फुटबॉलच्या नादी लागले ते कायमचे.

पोलीस ॲक्शननंतर शहरात पहिला सामना झाला, तेव्हा माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघायलाही कचरत होती. त्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला मास्तरांनी एक गोल नाकारला. तोही ज्यांचे लोक मैदानाभोवती दुप्पट जमले होते त्यांचाच. नाकारला आणि सावकाश चालत बाहेर आले. कुणी अंगाला हात लावला नाही. नंतर कुणीतरी विचारलं, भीती नाही वाटली का? "जे दिसलं ते सांगितलं," मास्तर म्हणाले, "त्यात भ्यायचं काय?"

असा हा माणूस. त्याच्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी घडलं, मे महिन्याच्या उन्हात, आणि बघायला साक्षीदारही होता. म्हणूनच ते ऐकताना जास्त जड जातं.

सत्तावन्न साल होतं. शाळेला सुट्टी लागलेली. एका सकाळी छावणीतल्या चर्चचे पाद्री सायकल हाकत मास्तरांच्या दारात आले आणि त्यांनी एक जाडजूड पाकीट पुढं केलं.

"विलायतेहून आलंय," पाद्री म्हणाले. "मला इंग्रजी कळतं, पण फुटबॉल कळत नाही. तुम्हीच वाचा."

पत्र सहा पानांचं, टाइप केलेलं. थॉर्नवेल टाउन नावाच्या एका फुटबॉल क्लबाचे सेक्रेटरी, मिस्टर हेज, यांनी लिहिलेलं. मास्तरांनी ते ओसरीवर बसून वाचलं आणि वाचता वाचता बायकोला, सारजाबाईंना, मराठीत सांगत गेले. सारजाबाई ज्वारी निवडत होत्या.

थॉर्नवेल हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या रंगाईखात्यातल्या कामगारांनी १८८९ साली क्लब काढला. सदऱ्यांचा रंग गडद लाल, कारण त्या आठवड्यात तोच रंग पिंपात उरला होता. पाऊस आला की रंग उतरायचा आणि सामना संपेपर्यंत समोरच्या संघाच्या चड्ड्या गुलाबी व्हायच्या. मैदान टेकडीच्या उतारावर. अर्धा वेळ चढावर खेळायचं, अर्धा वेळ उतारावर. कपडे बदलायला दारूच्या गुत्त्यामागची खोली. एवढ्याशा त्या क्लबाला एकदा मोठ्या लीगमध्ये जागा मिळाली. पाच वर्षं ती टिकली. मग गेली, आणि पुन्हा कधी मिळाली नाही. मधल्या काळात स्टँड जळाला, दोनदा क्लब बंद पडता पडता राहिला. आता ते अगदी खालच्या लीगमध्ये खेळत होते, आणि क्लबाचा इतिहास पुस्तकरूपानं काढणार होते.

"बाकी सगळा इतिहास लिहून झाला आहे," हेजसाहेबांनी लिहिलं होतं. "फक्त १९१३ सालचं प्रकरण अडलं आहे."

तो त्या वर्षीचा शेवटचा सामना. हरले तर लीगमधून बाहेर. अखेरची दोन मिनिटं राहिली होती आणि दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. चिखलात गर्दी झाली, चेंडू गोलरेषेवर गेला आणि थॉर्नवेलचा गोलकीपर वॉल्टर पिम त्याच्यावर पालथा पडला. आत गेला म्हणून एक बाजू ओरडली, नाही म्हणून दुसरी. रेफरीनं शिट्टी तोंडाला लावली, पण वाजवली नाही. इतक्यात लोक मैदानात घुसले. रेफरी घाबरून जो पळाला तो स्टेशनावर जाऊन गाडीतच बसला. ना गोल दिला, ना नाकारला, ना सामना संपल्याची शिट्टी दिली. पुढं लीगच्या कमिटीनं लाइन्समनच्या सांगण्यावरून गोल धरला. थॉर्नवेल बाहेर पडलं. आणि पिम विकला गेला होता, त्यानं चेंडू मुद्दाम आत घेतला, असं गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

पिम एवढंच म्हणत राहिला की चेंडू आत गेला नव्हता. लढाई लागली तसा तो पलटणीत भरती झाला. पलटण हिंदुस्थानात आली. १९१८ साली तो औरंगाबादच्या छावणीत वारला.

"आमच्या कमिटीतले निम्मे लोक म्हणतात, क्लब बुडवणारा म्हणून त्याचं नाव छापा," पत्रात पुढं होतं. "त्याची बहीण अजून आहे, सत्तरीची. दर शनिवारी सामन्याला येते आणि त्याच गोलमागे उभी राहते. तिच्यासाठी म्हणून विचारतो. त्याच्या कबरीचा फोटो मिळेल का? तो तिथं कोणत्या मैदानावर खेळायचा? आणि त्या चेंडूबद्दल मरताना तो कुणाजवळ काही बोलला का?"

मास्तरांनी कागद घडी केले. सारजाबाईंचे हात सुपावर थांबले होते.

"मंग गेला व्हता का नाय आत?" त्यांनी विचारलं.

"तेच तर चव्वेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून राग आला होता, त्या पळालेल्या रेफरीचा. हरलेला-जिंकलेला दोघं घरी जातात. पण निकालच दिला नाही तर माणसानं जायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शफीकला घेऊन निघाले. शफीकचा सराफ्याजवळ फोटो स्टुडिओ होता. एके काळी तो मास्तरांच्या हाताखाली लेफ्ट आउट खेळलेला. त्यानंच सांगितलं, नुसत्या दगडाचा फोटो काय काढायचा, एक चेंडू घेऊन चला, शेजारी ठेवू. म्हणून मास्तरांनी शाळेच्या कपाटातला चामड्याचा, वादीनं बांधलेला चेंडू जाळीत घालून सायकलला अडकवला.

गोऱ्यांचं कबरस्तान छावणीच्या पार टोकाला. पडकी भिंत, सीताफळीची झुडपं, वाळल्या गवतातून सरसर पळणारे सरडे. पिमची कबर अर्ध्या तासात सापडली. शेजारी त्याच आठवड्यातल्या आणखी सहा होत्या. त्या साली मानमोडीचा ताप आला होता, त्यानं गावंच्या गावं ओस पाडली. पलटणीला तरी कसा सोडणार? दगडावर नाव, तारीख, वय एकतीस. बाकी काही नाही.

शफीकनं चेंडू दगडाला टेकवून ठेवला, काळ्या फडक्यात डोकं घातलं, दोन फोटो घेतले.

"बस मास्टर, हो गया. शाम कू ले जाव," तो म्हणाला. त्याला एका निकाहाला जायचं होतं. तो सायकलवर टांग मारून गेला, आणि मास्तर पत्रातला दुसरा प्रश्न सोडवायला निघाले. तो खेळायचा ते मैदान कोणतं?

जुन्या बराकींच्या मागं एक मोकळी जागा होती. पलटणी गेल्यापासून तिकडं कुणी फिरकत नव्हतं. मास्तर तिथं पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगळीकडं गुडघाभर पिवळं गवत. एका टोकाला लोखंडी गोल उभा होता, दोन खांब आणि वरची आडवी दांडी, गंजून तांबडी झालेली. दुसऱ्या टोकाचा गोल कधीच कुणी भंगारात नेला असावा. कडेला एक लिंब होता. त्याखाली एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. साठीच्या आसपासची, कपाळावर मोठं गोंदण.

मास्तरांनी सायकल लिंबाला टेकवली, पाणी मागितलं. म्हातारीनं मडक्यातून तांब्या भरून दिला. तिचं नाव मनकर्णाबाई.

"बाई, इथं गोरे लोक चेंडू खेळायचे का हो?"

"व्हय तर. हितंच. माझा सासरा मैदानावर पाणी मारायचा, आन म्या दवाखान्यात कामाला व्हते, गोऱ्यांच्या." तिनं मास्तरांच्या सायकलीवरचा चेंडू पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला. "तो हितं नका काढू, मास्तर."

"का?"

"तिथं बगा तुमीच. त्या खांबाम्होरं."

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गवत सगळीकडं होतं. फक्त गोलच्या तोंडाशी नव्हतं. तेवढी जमीन उघडी होती. खेळत्या मैदानावर गोलकीपरच्या पायांनी झिजून जसा खळगा पडतो ना, तशी.

"रोज कोण खेळतं इथं?"

"कुणीच नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "चाळीस वर्सं झाली. पोरांनी मागं चेंडू आणला व्हता दोन-चारदा. आत जातच नाय म्हनत्यात. म्हागारी येतो. मंग यायची बंद झाली. शेळ्या बी जात नाईत तिकडं."

मास्तर हसले. वाऱ्याचा परिणाम, उताराचा परिणाम, असं काहीतरी ते बोलले. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं, पिम नावाचा एक गोरा होता, गोलकीपर, मानमोडीत गेला. आठवतो का?

मनकर्णाबाई बोलली ती खाली बघून.

"लांब हाताचा व्हता. हितंच उभा राह्यचा, दोन्ही खांबांच्या मधी. एक चेंडू आत जाऊ द्यायचा नाय… मंग ताप आला. पाच दिस पडून व्हता. आन ज्याला त्याला एकच इचारायचा. 'इन? इन?' डाक्टरला इचारायचा, झाडूवाल्याला इचारायचा. कुणाला कळंना काय इचारतोय ते. शेवटच्या दिशी म्या पानी पाजायला गेले. तवा अठरा वर्सांची व्हते म्या. त्यानं माझं मनगट धरलं. 'इन?'… डोळे असे लावले व्हते माझ्याकडं. मला वाटलं, 'व्हय' म्हनलं तर बरं वाटंल त्याला. म्या मान हालवली. व्हय म्हनून."

"मग?"

"मनगट सोडलं. भितीकडं तोंड केलं. दिवे लागायच्या आत गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काय इचारत व्हता वो तो, मास्तर? काय चुकलं माझं?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. तो सामना, तो चेंडू, पळालेला रेफरी. बाई ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांना वाटलं, सांगायला नको होतं. पण विचारलं तर खोटं कसं सांगायचं?

"तुमी पंच हाव ना?" ती म्हणाली. "मंग तुमी सांगा त्याला. म्या चुकीचं सांगितलं."

आता मास्तर काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. पण म्हातारीच्या जिवाला चाळीस वर्षं लागलेला घोर त्यांना दिसत होता. चार चेंडू त्या गोलात मारून दाखवले की तिच्या मनातलं भय जाईल, असा सरळ हिशोब त्यांनी केला. त्यांनी चेंडू जाळीतून काढला, धोतराचा सोगा खोचला आणि गवत तुडवत गोलसमोर गेले. शिट्टी नेहमीसारखी गळ्यात होतीच.

बारा पावलांवर चेंडू ठेवून त्यांनी हलकेच पायानं ढकलला. चेंडू गडगडत गेला. उघड्या जमिनीवर पोचला, रेषेच्या जागी थांबला आणि तसाच गडगडत परत आला.

मास्तर पुढं गेले. दगड नव्हता, चढ नव्हता. जमीन तव्यासारखी तापली होती. त्यांनी मागं येऊन चेंडू पुन्हा ठेवला, चार पावलं मागं सरले आणि या खेपेला अंगातला जोर लावून मारला. उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंच. तसला चेंडू अडवणारा गोलकीपर अख्ख्या मराठवाड्यात नव्हता.

धप्प असा आवाज झाला. चामड्यावर दोन तळवे बसल्याचा. तो आवाज मास्तरांनी आयुष्यात हजारदा ऐकला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. चेंडू हवेत क्षणभर स्थिर राहिला. मग खाली टेकला आणि संथपणे त्यांच्या पायाशी येऊन थांबला.

त्यांनी तो उचलला. चेंडू ओला होता. वादीत काळा चिखल अडकला होता. औरंगाबादेत चार महिने पावसाचा थेंब नव्हता.

दुसरा कुणी असता तर तिथूनच माघारी फिरला असता. मास्तरांच्या पाठीवरून काटा सरकला हे खरं, पण त्याबरोबर एक हट्टही उठला. त्यांनी चेंडू पायाशी घेतला आणि तो रेटत स्वतःच गोलकडे निघाले. दहा पावलं, आठ, पाच. प्रत्येक पावलाला ऊन कमी होत गेलं. डोक्यावर सूर्य तसाच होता, पण अंगाला लागत नव्हता. ओल्या लोकरीचा वास यायला लागला, आणि त्यात दगडी कोळशाच्या धुराचा. तोंडातून वाफ निघताना पाहून मास्तर दचकले. ती त्यांचीच होती. पण समोर, दोन खांबांच्या मध्ये, छातीच्या उंचीवर, आणखी एक वाफ निघत होती. थांबत होती. पुन्हा निघत होती.

चेंडू गोलच्या तोंडाशी गेला आणि रुतला. जमिनीत नव्हे, कशात ते कळेना. मास्तरांनी पाय लावून रेटला, खांदा पुढं घालून रेटला. पलीकडून तेवढ्याच ताकदीनं कुणीतरी धरलं होतं. रेटारेटीत चेंडू बोटभर पुढं सरकला, आणखी बोटभर सरकला आणि मग हललाच नाही.

सगळं शांत झालं. लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प. आणि मास्तरांच्या गुडघ्याच्या उंचीवरून, जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसानं मान वर करून विचारावं तसं, अगदी हळू आलं,

"इन…?"

मागून, लांबून, मनकर्णाबाईची किंकाळी आली. "व्हय म्हनू नका, मास्तर! व्हय म्हनू नका!"

त्या हाकेनं ते भानावर आले. आणि भानावर आल्याबरोबर त्यांना एक गोष्ट लख्ख कळली, की 'नाही' म्हणून सुटणंही तितकंच सोपं आहे. बाईनं दयेपोटी व्हय म्हटलं, आपण भीतीपोटी नाही म्हणायचं. मग त्यात आणि पळालेल्या रेफरीत फरक काय?

"थांब," ते मोठ्यानं म्हणाले. "बघू दे आधी."

ते डाव्या खांबाशी गेले आणि पोटावर निजले. गाल जमिनीला लागला. ती जमीन गार होती, चिखलाची, गालाला चिकटणारी. खांबाच्या मागच्या कडेला एक डोळा लावून त्यांनी समोरच्या खांबाची कड धरली. दोन कडांच्या मधली सरळ ओळ, ती गोलरेषेची मागची बाजू. चेंडू त्या ओळीच्या पूर्ण पलीकडे असेल तर गोल. तसूभरही अलीकडे असेल तर नाही. त्यांनी श्वास रोखला. चेंडूचा फुगवटा ओळीपलीकडे गेला होता. बराच गेला होता. पहिल्या नजरेला कुणीही गोल म्हटलं असतं. मास्तरांनी डोळा चोळला, पुन्हा लावला. घाई केली नाही. पलीकडची वाफ थांबली होती. तोही श्वास रोखून होता.

एक बोट. चेंडूचा बोटभर भाग अजून ओळीच्या अलीकडे होता.

मास्तर उठले. कपडे झटकले नाहीत. मैदानाच्या मध्याकडं तोंड केलं, दोन्ही हात छातीपुढं आडवे फिरवले आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नो गोल!"

मग शिट्टी तोंडाला लावली आणि सामना संपल्याची लांब शिट्टी दिली. एक, दोन, तीन.

वास ओसरला. उन्हाचा चटका एकदम खांद्यावर बसला. लिंबाखाली मनकर्णाबाई कपाळ जमिनीला टेकवून हमसून हमसून रडत होती. मास्तरांना वाटलं, झालं. तेवढ्यात त्यांच्या उजव्या हातात एक हात आला. मोठा, लांब बोटांचा, ओल्या लोकरीच्या हातमोज्यातला. त्यानं एकदा घट्ट दाबला आणि सुटला. सामना संपल्यावर खेळाडू रेफरीचा हात हातात घेतो, तसा.

त्या क्षणी मास्तरांना भीती अशी वाटलीच नाही. उलट छाती भरून आली.

संध्याकाळी त्यांनी शफीककडून फोटो घेतले आणि हेजसाहेबांना पत्र लिहिलं. मैदानाचं वर्णन केलं. मनकर्णाबाईनं सांगितलं ते सगळं लिहिलं, मान हलवल्याचंही. आणि शेवटी एक ओळ. "चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला नव्हता. मी खांबाला डोळा लावून पाहिला आहे." कसा पाहिला, हे लिहिलं नाही.

हिवाळ्यात उत्तर आलं, सोबत पुस्तक. कमिटीत दोन रात्री भांडण झालं म्हणे. पण पिमच्या बहिणीनं ते पत्र वाचलं, आणि आहे तसं छापा, एवढंच म्हणाली. १९१३ च्या प्रकरणाखाली छापलं होतं, औरंगाबादचे रेफरी बी. औताडे यांचा निकाल: गोल नाही. त्या शनिवारी म्हातारी पहिल्यांदा गोलमागं उभी न राहता स्टँडात बसून सामना बघत होती, असं हेजसाहेबांनी कळवलं होतं.

इकडं पावसाळ्यात त्या खांबांपुढं गवत उगवलं. मनकर्णाबाईच्या शेळ्या तिथं चरायला लागल्या. पुढं पोरं खेळायला आली, त्यांचे गोलही झाले. मास्तरांनी ही हकीकत कधी लपवली नाही. विचारेल त्याला ते छातीठोकपणे सांगायचे, अगदी त्या लोकरीच्या मोज्यापर्यंत. पुढं पंधरा वर्षं त्यांनी सामने खेळवले, आणि निकाल पूर्वीइतकेच खणखणीत दिले. एक मात्र झालं. सामना संपला की खेळाडू हात पुढं करायचे आणि मास्तर लांबूनच नमस्कार करायचे. हात म्हणून कुणाच्या हातात दिला नाही.

सारजाबाईंनी ते पुष्कळ वर्षं पाहिलं. मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, त्यांनी विचारलं.

"त्या दिशी अजून काय झालं व्हतं? मनकर्णाबाई मला म्हनली, मास्तर लई वेळ उभे व्हते. हात म्होरं करून."

मास्तर पानाला चुना लावत होते.

"मोजा सुटला," ते म्हणाले, "आणि लगेच दुसरा हात आला. उघडा. मग तिसरा. एकाची दोन बोटं तुटलेली होती, गिरणीत तुटतात तशी. सगळे गार, विहिरीतल्या पाण्यासारखे. एकेक यायचा, दाबायचा, जायचा. मी मोजत होतो. दोन्ही बाजूंचे मिळून बावीस होतात… बावीस झाले. मी चेंडू उचलून काखेत मारला आणि निघालो."

"मंग?"

"मग आणखी एकानं हात धरला."

सारजाबाई जवळ सरकल्या.

"तो गार नव्हता," मास्तर म्हणाले. "तुझ्यामाझ्यासारखा गरम होता. त्याची नाडी माझ्या बोटाला लागत होती. मी लिंबाकडं बघितलं. बाई तिथंच होती, साठ पावलांवर. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं."

"कोण व्हतं वो?"

"माहीत नाही. पण बावीस खेळाडू सोडले तर मैदानावर आणखी एकच माणूस असतो. शिट्टीवाला."

"आन… सोडला कसा त्यानं?"

मास्तरांनी आपला उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला. पान तसंच राहिलं.

"मी सोडवून घेतला," ते म्हणाले. "त्यानं नाही सोडला."